तीन तोंडांची चर्चा

आज सकाळी तुम्ही मला वाचलंत. आठवत नसेल, कारण माझ्यावर कोणाची नजर थांबत नाही. मी चर्चा. बातमीच्या शेवटच्या ओळीत मला बसवतात, माझ्यामागे 'आहे' येतं आणि वाक्य संपतं. वाचणारा पान उलटतो, पण मी त्या पानावर राहत नाही. त्याच्याबरोबर निघते.

माझा जन्म कधी झाला ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की सुरुवातीला मला दोन माणसं लागायची. समोरासमोर बसलेली. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा, मग दुसरा बोलायचा. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, छप्पर आत्ताच दुरुस्त करायचं की अजून एक वर्ष ढकलायचं, अशा गोष्टींत मी असायचे. माणसं उठून गेली की काहीतरी ठरलेलं असायचं. नाहीच ठरलं, तर दुसऱ्याच्या मनात काय आहे ते तरी कळलेलं असायचं.

मग मी वर्तमानपत्रात लागले. तिथं राजकारणाच्या पानावर मी बंद दाराआड होते. दाराआड काय बोलणं झालं ते बातमीदारालाही माहीत नसतं, तरी मी 'सकारात्मक' झालेली असते. संपाच्या बातमीत माझ्या फेऱ्या होतात आणि फेऱ्या फार झाल्या की माझं गुऱ्हाळ होतं. खेळाच्या पानावर संघातून कोणाला वगळणार याची मी जोरात असते. सिनेमाच्या साप्ताहिकात तर मला बसायला फुरसत नाही. एखाद्या नटीने केस कापले की मला उधाण येतं, तिने ते परत वाढवले की ऊत येतो. बायकांच्या मासिकात माझ्यात राहण्यासाठी काय घालावं आणि काय घालू नये, याची दोन रंगीत पानं असतात.

त्या नटीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या केसांच्या उधाणात आजवर कोणी बुडालेलं नाही. माझी शंका वेगळीच आहे. 'परिसरात चर्चा आहे', 'जाणकारांत चर्चा आहे', 'पालकांमध्ये चर्चा आहे' असं लिहिलेलं असतं. मी त्या परिसरात जाऊन बघते, त्या जाणकारांना शोधते, आणि पुष्कळदा तिथं कोणीच नसतं. रिकाम्या खोलीत मला एकटीला बसवून लिहिणारा निघून गेलेला असतो. तेव्हापासून मला हाती घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी नीट बघून घेते. मी कुठून आले हे त्याला माहीत आहे का, की नुसता हात लांबवलाय?

जिथं माझं नाव निघतं किंवा निघण्याच्या बेतात असतं, तिथं मी असते. म्हणूनच पाळणाघराची गोष्ट मी पहिल्यापासून पाहिली.

एक बातमीदार होता. तरुण, कामसू, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. त्याच्याकडे शहराच्या पानावरचा एक छोटा रकाना होता. रकान्याचं नाव 'कानोसा'. शहरात लोक काय बोलतात ते त्यात यायचं. त्या कचेरीत 'कानोसा'साठी एक नियम होता. पान पाहणाऱ्या बाई (सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत) प्रत्येक मजकुरावर एकच प्रश्न विचारायच्या, "तोंडं किती?" एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली असेल, तर 'चर्चा आहे' असं छापायचं. दोन असतील तर थांबायचं. बाईंचा नियम मला आवडायचा. तीन तोंडं म्हणजे निदान रिकामी खोली तरी नाही, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

बातमीदाराची मोठी बहीण त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. ताई एका बँकेत होती, तिचा नवरा परगावी नोकरीला. दोन वर्षांचा तिचा मुलगा दिवसभर मावशींच्या पाळणाघरात असायचा. मावशी म्हणजे त्या मुलाच्या मावशी नव्हेत. त्या भागातल्या सगळ्यांच्याच त्या मावशी होत्या. ज्यांना त्यांनी लहानपणी सांभाळलं, त्यांचीही मुलं आता त्यांच्याकडे येत होती.

एका संध्याकाळी जेवताना ताई म्हणाली, की हे कार्टं घरी डोळ्याला डोळा लावत नाही, आणि मावशींकडे दुपारी जे ढाराढूर पडतं ते न्यायला गेलं तरी उठत नाही. "काय पाजतात कोण जाणे," ती म्हणाली, हसली आणि मुलाच्या हातातला चमचा काढून घ्यायला वाकली.

बातमीदाराने मान वर केली नाही. 'कानोसा'चा रकाना त्या आठवड्यात रिकामा होता. मी त्याच्या अगदी जिभेवर आले होते.

दुसऱ्या दिवशी तो औषधांच्या दुकानात गेला. खोकल्याची बाटली घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, की लहान मुलांना झोप यायचं औषध कोणी नेतं का हो, पाळणाघरवाले वगैरे? दुकानदार नाही म्हणाला. खरंच नाही म्हणाला, मी तिथं होते. पण बातमीदार पायऱ्या उतरला तेव्हा दुकानदार काउंटरवर कोपर टेकून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. वर्तमानपत्रवाला उगाच कशाला विचारेल? रात्री त्याने बायकोला हे सांगितलं. सांगताना 'नाही म्हणालो' हे शेवटी सांगितलं, आणि तोवर ती उठून पाणी आणायला गेली होती.

दुकानदाराच्या बायकोने ते शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या कानावर घातलं. काकूंच्या तोंडात टाचण्या असतात म्हणून त्या गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतात, आणि टाचण्या काढल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतात. मला त्यांच्याकडे फार वेळ थांबावं लागलं नाही. गळ्याचं माप होईपर्यंत मी संशय होते, बाह्या होईपर्यंत मला बाटली मिळाली आणि शिलाईचं बोलणं होईपर्यंत मला मावशींचा पत्ता मिळाला.

दोन-तीन दिवसांनी बातमीदार पँट आखूड करायला काकूंकडे गेला. काकूंनी टाचण्या काढल्या. "तुम्ही पेपरात आहात ना? मग ते पाळणाघराचं तुमच्या कानावर कसं नाही आलं अजून?" तो चमकला. बाहेर पडून त्याने वहीत एक रेघ मारली. मग केस कापायला गेला, तर तिथंही तेच. केस कापणाऱ्याने कात्री थांबवून आरशातून त्याच्याकडे बघत सांगितलं, की पोरांना काहीतरी देतात म्हणे, आमच्या हिला काकूंकडे कळलं. दुसरी रेघ.

तिसरं तोंड त्याला शोधावं लागलं नाही. संध्याकाळी ताईच बँकेतून धावत आली. तिला पाळणाघराच्या फाटकात दुसऱ्या एका आईने सांगितलं होतं. ताईने खांद्यावरची पर्सही खाली ठेवली नाही. म्हणाली, अरे, सगळीकडे चर्चा आहे, आणि माझं पोर रोज तिथं आहे.

मी त्या वेळी त्याच्याकडे फार आशेने पाहिलं. आता याला आठवेल, असं मला वाटलं. ही गोष्ट हिच्याच ताटाजवळ सुरू झाली, आणि औषधाच्या दुकानात तर ती याने स्वतः नेली. पण त्याचा चेहरा उजळला होता. "मला वाटतच होतं," तो म्हणाला. त्याने तिसरी रेघ मारली.

बाईंनी विचारलं, तोंडं किती. तो म्हणाला, तीन. चेहरे आठवतात का? तिन्ही आठवतात. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनाही काहीतरी खटकत असावं, पण नियम पुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की शहरातल्या एका पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध दिलं जात असल्याची चर्चा पालकांमध्ये आहे. नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती, कारण त्या भागात पाळणाघर एकच होतं.

मग मला पाय फुटले. एका मासिकाने 'तुमचं मूल खरंच सुरक्षित आहे का?' असा लेख छापला. त्यात 'सध्या चर्चेत असलेल्या प्रकारामुळे' असं एक वाक्य होतं आणि खाली पाळणाघर निवडताना काय काय बघावं त्याची चौकट. शेजारी गाढ झोपलेल्या बाळाचं चित्र. एरवी ते चित्र बघून कोणाला गोड वाटलं असतं. मासिक आल्यावर वर्तमानपत्राने लिहिलं, की या विषयाची चर्चा आता मासिकांतूनही होऊ लागली आहे. मी एका दाराने बाहेर पडले होते आणि दुसऱ्या दाराने पुन्हा त्याच कचेरीत आले होते. या वेळी मला उठून खुर्ची दिली गेली.

पाळणाघरात तपासणीला एक अधिकारी येऊन गेले. त्यांनी कपाट उघडलं, दुधाच्या बाटल्या हुंगल्या. काही सापडलं नाही. 'दडवलं असेल,' असं फाटकावर बोललं गेलं.

खरं सांगायचं तर मीही मावशींवर विश्वास ठेवला नव्हता. मी कोणावरच पटकन ठेवत नाही. इतकी मुलं एकाच वेळी कशी झोपतात? तेव्हा फाटकाबाहेर आयांचं माझ्याबद्दल कुजबुजणं चाललं असताना मी त्या कुजबुजीबरोबर खिडकीतून आत शिरले आणि एका दुपारी सगळं पाहिलं.

जेवणं झाल्यावर मावशी खोलीच्या मधोमध चटईवर आडव्या झाल्या. मुलांना म्हणाल्या, "मी दमले बाई. मला कोणीतरी झोपवा." लगेच सगळी मुलं त्यांच्याभोवती बसली. कोणी कपाळावर थोपटत होतं, कोणी दंडावर, कोणी पायावर. एका मुलीने तर "डोळे मीट" असं दटावलंसुद्धा. मावशींनी डोळे मिटले आणि हळूहळू घोरायला लागल्या. आधी खोटं, नंतर खरं. थोपटता थोपटता मुलांच्या माना डुगडुगायला लागल्या. जे मूल आधी पडलं त्याच्यावर दुसरं पडलं. थोड्या वेळाने खोलीत थोपटणारं कोणी उरलं नाही.

बाटली नव्हती, औषध नव्हतं. मी खिडकीतून बाहेर आले. फाटकावरच्या बायकांना मी हे सांगू शकत नव्हते. त्या मला वापरतात, मी त्यांना नाही.

मुलं कमी होत गेली. आधी नवीन आलेली गेली, मग जुनी. ताईनेही मुलाला घरी ठेवलं. रजा घेऊन ती दिवसभर त्याच्याजवळ बसली. तो दुपारभर टक्क जागा. तिने डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोपा. रजा संपत आली तशी ताई चिडली. नक्की काय पाजत होते, आणि कोणी पाहिलं, हे तिला आता कळायलाच हवं होतं.

ती फाटकात भेटलेल्या त्या आईकडे गेली. ती आई म्हणाली, मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणाल्या, मला औषधवाल्यांच्या बायकोने. औषधवाल्यांची बायको म्हणाली, ह्यांना विचारा. दुकानदार बाटल्या मांडत होता. म्हणाला, "अहो, मला काय विचारता? तुमच्या भावानेच येऊन विचारलं. मी तर नाही म्हणालो होतो."

ताई घरी आली तेव्हा बातमीदार जेवत होता. ती उभीच राहिली.

"औषधवाल्याकडे जायच्या आधी तुला हे कोणी सांगितलं होतं?"

त्याने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "तू."

"मी? मी कधी?"

"इथंच. जेवताना. काय पाजतात कोण जाणे, म्हणालीस."

"अरे गाढवा, गंमत होती ती. मी हसले होते."

"तू हसली नव्हतीस."

"हसले होते. तू ताटात बघत होतास."

 मुलगा ताईचा पदर ओढत होता. मग बातमीदार अगदी हळू म्हणाला, की तीन तोंडं होती ताई, मी नियमाने मोजली. ताई म्हणाली, "आणि तिसरं माझं. मला घाबरवलंस तू, आणि मी घाबरले म्हणून छापलंस."

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळं सांगितलं. त्याने सांगितलं हे मी मान्य करते. पुष्कळजण सांगत नाहीत. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तोंडं तीन, पण गोष्ट पहिल्यांदा बाहेर नेणारा तूच. हे मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी स्वतः खुलासा लिहिला. पाळणाघराबाबतच्या चर्चेत तथ्य नसल्याचं स्पष्ट झालं आहे. त्यांनी मनापासून लिहिला, पण त्यातही मी होतेच. ज्यांनी आधीचं वाचलं नव्हतं त्यांनी हे वाचलं आणि शेजाऱ्याला विचारलं, की कसली हो चर्चा?

ताई मुलाला घेऊन पाळणाघरात गेली. मीही गेले, कारण काय बोलायचं ते ती वाटेवर घोकत होती आणि त्यात मी सारखी येत होते.

खोली ओळखू येत नव्हती. खिडकीचा पडदा काढून टाकलेला. फाटकावरून आत सगळं दिसावं म्हणून. जेमतेम चार-पाच मुलं, आणि मावशी मधोमध नाही, तर भिंतीपाशी स्टुलावर ताठ बसलेल्या. डोळे उघडे. दुपार असूनही एकही मूल झोपलं नव्हतं. मघाशी एकाचा डोळा लागत होता तर मावशींनीच त्याला हलवून उठवलं, असं तिथल्या मदतनीस बाईने ताईला दारातच सांगितलं. झोपलेलं मूल आता मावशींना बघवत नव्हतं.

"या," मावशी म्हणाल्या. "ठेवायचं असेल तर ठेवा, पण तुम्ही इथंच बसा. दिवसभर बसलात तरी चालेल. मी काय देते न देते, ते डोळ्यांनी बघा."

ताई म्हणाली, "तसं नाही मावशी. बाहेर चर्चा होती ना, म्हणून इतके दिवस पाठवलं नाही."

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तिच्यापुढे पडदा धरावा तशी मी उभी होते.

"हो. होती खरी," मावशी म्हणाल्या. "कोण करत होतं?"

"लोक."

मावशींनी मान हलवली.  ताईचा मुलगा मात्र तिच्या हातातून सुटून स्टुलापाशी गेला आणि मावशींचा हात धरून खाली ओढायला लागला. त्याला त्या चटईवर हव्या होत्या. मावशी नको नको म्हणाल्या, एकदा उघड्या खिडकीकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग गुडघ्यावर हात देत खाली उतरल्या आणि आडव्या झाल्या. मुलं गोळा झाली. थोपटणं सुरू झालं. "डोळे मीट," एक मुलगी म्हणाली. मावशींनी मिटले नाहीत. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. एकेक मूल कलंडत गेलं. शेवटी ताईच्या मुलाचा हातही त्यांच्या दंडावरून घसरला. पूर्वी त्या सगळ्यांच्या आधी झोपायच्या. आज एकट्या त्याच जाग्या होत्या.

ताई चटईच्या कडेला येऊन बसली. माझी तयारी होती, ती पुन्हा मलाच पुढे करणार असं मला वाटलं. माझा संशय खोटा ठरला.

"मावशी, लोक नव्हते. मीच म्हणाले होते. घरी, जेवताना. काय पाजतात कोण जाणे, असं. माझ्या भावाने ते नेलं बाहेर."

मावशी कुशीवर वळल्या. पाठ ताईकडे, तोंड मुलांकडे.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "पोरं झोपलीत."

ताईच्या त्या वाक्यात मी नव्हते. 'मी' होता, 'भाऊ' होता, 'घरी' होतं. माझी गरज उरली नव्हती, आणि जिथं गरज नाही तिथं मला थांबता येत नाही. त्यामुळे मी तिथून निघाले. त्या दोघी पुढे काय बोलल्या, मावशींना झोप लागली की नाही, त्यांनी ताईला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही.

मी अजून कामावर आहे. आजही शहराच्या पानावर आहे, सिनेमाच्या साप्ताहिकात आहे, उद्याच्या अंकासाठी कोणीतरी मला आत्ता लिहीत असेल. मला काढून टाका असं मी म्हणत नाही. दोन माणसं समोरासमोर बसली की मला अजूनही बरं वाटतं. पण पुढच्या वेळी मी दिसले, तर पान उलटण्याआधी एवढं विचारा, की ही कोणाकोणात झाली. उत्तरात माणसं आली, तर मला आत घ्या. नुसते 'लोक' आले, तर मला तिथंच पानावर राहू द्या, घरी नेऊ नका.

मावशींचं पुढे काय झालं, हे कोणी तुम्हाला सांगायला आलं, तर त्यालाही विचारा: तू होतास का तिथं?